धड नसल्याचा दाखला

दर नोव्हेंबरात मी जिवंत असतो. म्हणजे एरवीही असतोच, पण नोव्हेंबरात त्याला बँकेची मान्यता मिळते. पेन्शनरांचा हयातीचा दाखला ही चीजच तशी आहे. समोर उभं राहून, नमस्कार करून, वर कारकुनाचंच पेन मागून घेतलं तरी आपण जिवंत असल्याचा कागद वेगळा द्यावा लागतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. जे आहे ते सिद्ध करणं सोपं असतं. पंचाईत होते ती जे नाही ते सिद्ध करताना.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. तिथला घोडेबाजार प्रसिद्ध आहे. गिऱ्हाईक घोड्याचे दात बघतं, पाय उचलून बघतं, चालवून-पळवून बघतं, आणि मालक शपथेवर सांगत असतो, ‘चारी पाय धड आहेत, साहेब!’ माणसाचं नेमकं उलटं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र हवं असेल, तर एक पाय धड नाही हे त्याला पटवून द्यावं लागतं. जन्मभर ज्यानं लोकांच्या नजरेपासून आपलं लंगडणं लपवलं, त्यानं त्या एका दिवशी मात्र ते व्यवस्थित दाखवायचं. जरा बरा चालला की टक्के घसरले!

होय, टक्के. परीक्षेत आपण टक्के वाढावेत म्हणून नवस बोलतो. इथेही बोलावा लागतो, फक्त कशासाठी ते देवाला सांगताना जीभ अडखळते. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात ते एकवीस झाले. पण बहुतेक सवलतींचं दार उघडतं ते चाळीस टक्क्यांना. २०२४पासून तर ओळखपत्राला रेशनकार्डासारखे रंगही आले आहेत: चाळिसाच्या आत पांढरं, त्यापुढे पिवळं, ऐंशीपासून निळं. आता योगायोग बघा. आमच्या जिल्ह्याच्या गाड्यांचा नंबर आहे एमएच ३९. चाळिसाला बरोबर एक कमी! नवापूरच्या रेल्वे स्टेशनात महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द फलाटावरूनच जाते. तिथे माणूस एक पाय या राज्यात आणि एक त्या राज्यात ठेवून खुशाल उभा राहू शकतो. एकोणचाळीस आणि चाळीस यांच्या हद्दीवर मात्र असं उभं राहता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘अहो, पण लोक लबाड असतात!’ असतात ना. २०२४ साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांवरून केवढा गदारोळ झाला, तो सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचला. अमेरिकेत अपंगांना गाडीच्या आरशाला टांगायची पाटी मिळते. ती डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय मिळत नाही, आणि दुसऱ्याची पाटी टांगून गाडी लावली तर दंड होतो. तेव्हा लबाडी ही काही आपलीच मिरासदारी नाही. राखीव जागा मोजक्याच असतात. एक खोट्यानं बळकावली की एक खरा लांब जातो. म्हणून पुरावा मागणं चूक आहे असं मी म्हणत नाही. पुरावा खऱ्याच्याच रक्षणासाठी आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. संशय आपला, तर त्याचा खर्च कोणी सोसायचा?

सातपुड्यातल्या आदिवासींमध्ये सिकलसेलचा आजार आहे. २०१६च्या कायद्यानं तो अपंगत्वात धरला. या आजाराचा माणूस बघायला तरणाताठा. दुखण्याचा झटका येतो तेव्हा हाडं पिळवटून निघतात, गेला की तो तुमच्या-आमच्यासारखा दिसतो. असा पोरगा एस.टी.त राखीव जागेवर बसला की शेजारचे आजोबा हमखास म्हणणार, ‘काय रे बाबा, चांगला धडधाकट दिसतोस की!’ आता त्यानं काय भर गाडीत रक्त काढून दाखवायचं?

आणि धडगावकडच्या एखाद्या पाड्यावरून जिल्ह्याच्या बोर्डापुढे यायचं झालं, तर आधी पाड्यावरून रस्त्यापर्यंत, मग चांदसैलीचा घाट, मग तळोदा, मग तापी ओलांडून नंदुरबार. चालता येत नाही हे सांगण्यासाठी इतकं चालायचं. ‘आज डॉक्टर नाहीत’ असं ऐकायला मिळालं, तर पुन्हा एकदा. त्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच, शिवाय सोबत आलेल्या भावाचीही. गेल्या काही वर्षांत ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ हा शब्द आला. शब्द चढला, पण जिना तेवढ्याच पायऱ्यांचा राहिला. २०२३ साली राज्य सरकारनं ‘दिव्यांगांच्या दारी’ नावाची मोहीम काढली. त्यातून किती साधलं याचा हिशेब करणारे करोत, पण नावात न्याय होता. ज्याला संशय आहे आणि ज्याच्याकडे जीप आहे, त्यानं जावं.

चाकाच्या खुर्चीचं ते निळं चिन्ह तुम्ही पाहिलं असेल. १९६८ साली सुझान कोफोएड या डॅनिश विद्यार्थिनीनं ते काढलं, तेव्हा त्यात नुसती खुर्चीच होती. वर्षभरानं कार्ल मोंटान यांनी त्यावर गोल डोकं बसवलं, आणि खुर्चीचा माणूस झाला. आमच्या नियमांनाही कोणी तेवढं एक डोकं बसवील तर बरं.

तोवर आपल्याला करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. दवाखान्यासमोर, बँकेसमोर हे चिन्ह रंगवलेल्या जागेवर ‘दोनच मिनिटं हं!’ म्हणत कुणीतरी मोटार लावून जातो. त्याचे दोन्ही पाय शाबूत असतात आणि त्याला बोर्ड नाही, टक्के नाहीत, घाटही उतरावा लागत नाही. इतकी वर्षं आपण दाखला मागतो आहोत तो लंगडणाऱ्याकडे. एकदा या गृहस्थाला थांबवून, अगदी नम्रपणे, मागून बघायला हवा.