अस्सल, नक्कल आणि पंगत

'अस्सल' या शब्दावर आम्हा मराठी माणसांचा भारी जीव. तूप अस्सल हवं, हापूस अस्सल देवगडचा हवा आणि पैठणी येवल्याचीच हवी; मग दुकानदाराची उलटतपासणी घेताना दुपार उलटली तरी बेहत्तर! नकलेला आमच्या दारात उभं राहायची सोय नाही. पण एका इटालियन पंगतीने मला भलत्याच पेचात टाकलं आहे.

व्हेनिसच्या सान जॉर्जो माज्जोरे मठात साधूंचं भोजनगृह आहे. त्याच्या भिंतीसाठी व्हेरोनेझे या चित्रकाराने १५६३ साली एक लग्नाची पंगत रंगवली. बायबलातल्या काना गावची. येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, ती. चित्र जवळजवळ दहा मीटर रुंद आणि पावणेसात मीटर उंच. आमच्या ब्लॉकमध्ये ते टांगायचं तर वरच्या बिऱ्हाडाला आधी घर सोडावं लागेल! समोर लग्नाचं जेवण आणि ताटात मठाचं, अशा अवस्थेत साधूंनी सव्वादोनशेहून अधिक वर्षं काढली. वैराग्य म्हणतात ते यालाच.

१७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते चित्र कापलं आणि पॅरिसला नेलं. पुढे नेपोलियन पडला, लुटीतला बराच माल ज्याचा त्याला मिळाला. हे चित्र मात्र लूव्र संग्रहालयातच राहिलं. कारण काय, तर इतकं मोठं नाजूक चित्र हलवलं तर खराब होईल! नेताना सुरी चालवली ती चालली. बदल्यात व्हेनिसला दुसऱ्या एका चित्रकाराचं चित्र देण्यात आलं. म्हणजे पंगतीतलं ताट उचलून न्यायचं आणि वर वाटी पाठवायची.

मग २००६ साली अ‍ॅडम लो यांच्या फाक्टुम आर्ते या संस्थेने लूव्रमध्ये जाऊन, चित्राला बोटही न लावता, स्कॅनरने त्याचा इंच न् इंच टिपला. संगणकाने रंग जुळवले, लेप दिलेल्या कापडावर तुकड्यातुकड्यांनी छपाई झाली, सांधे माणसांनी हाताने रंगवून बुजवले. सप्टेंबर २००७ मध्ये ही नक्कल भोजनगृहातल्या मूळ भिंतीवर चढली.

आता सांगा, खरं चित्र कुठलं? पॅरिसमध्ये कापड अस्सल, पण भिंत परकी. व्हेनिसमध्ये भिंत अस्सल, पण रंग छापील. त्यातून लूव्रमधल्या अस्सल चित्राच्या समोरच मोनालिसा लावलेली आहे. म्हणजे सगळी गर्दी तिच्याकडे तोंड करून आणि बिचाऱ्या पंगतीकडे पाठ करून उभी!

नक्कल म्हणजे खोटं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्ञानेश्वरीचंच पाहा. मूळ हस्तलिखित आपल्यापाशी नाही. नकलांच्या नकला होत गेल्या, त्यांत चुका शिरल्या, आणि १५८४ साली एकनाथांनी अनेक पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला. पदरच्या ओव्या घालू नका, अशी तंबीही दिली. देवघरातल्या त्या पोथीला 'ही नक्कल आहे हो!' म्हणण्याची आपली छाती आहे का? नकलकार नम्र असला की नक्कलही पूजनीय होते.

पण पोथीची गोष्ट वेगळी. नक्कल केली म्हणून तिथे कोणाचं काही जात नाही. इथे एकाने नेलं आणि दुसऱ्याचं गेलं. यंत्रं जसजशी हुशार होतील, तसतशी नेणाऱ्याची सोय होईल, ही माझी खरी भीती. 'तुमची मूर्ती परत हवी? ही घ्या, हुबेहूब छापून दिली. तडासुद्धा जिथल्या तिथे आहे!' वारसा जपल्याचं पुण्यही त्यालाच. खोट नकलेत नाही, वाटणीत आहे.

तेव्हा माझी एक नम्र सूचना आहे. नक्कल इतकी हुबेहूब जमली असेल, तर ती पॅरिसला ठेवावी आणि अस्सल पंगत भोजनगृहात परत यावी. 'नक्कल काय वाईट?' हा प्रश्न ज्याच्याकडे अस्सल आहे त्यालाच आधी विचारावा. शिवाय लूव्रमध्ये पाठ करून उभ्या असलेल्या मंडळींना फरक कळायचाही नाही.