किल्ली कुणाच्या खिशात?

गारगोटीजवळ वेदगंगेच्या काठावर काही ऊसवाल्यांचा मिळून एक उपसा पंप होता. शेतीची वीज रात्रीची आली की नदीवर कोण जाणार? म्हणून त्यांच्यातल्याच एका शिकलेल्या पोरानं 4 कोअरचा, लिनक्सवर चालणारा छोटा बोर्ड मोटरीला जोडला. पोरगा काळजी घेणारा. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, कोसळला तर आधी शेवटची नोंद लिहायची, मोबाइलवर मेसेज पाठवायचा आणि 10 सेकंदांनी पुन्हा सुरू व्हायचं, असं त्यानं लिहून ठेवलं.

एका रात्री कर्नल कोसळला. त्या 10 सेकंदांची पहाट झाली, ऊस कोरडाच.

"परत चालू हो म्हनून सांगितलं न्हवतंस?" काकांनी विचारलं. काका जुने वायरमन.

"सांगितलंय. पण तो त्या ओळीपर्यंत पोचतच नाही. कोसळताना एक कोअर बाकीच्या तिघांना आहे तिथं थांबवतो, नाहीतर ते आणखी बिघाड करतील. त्यातला एक नेमका नोंदवहीचं कुलूप धरून थांबला. आता पहिला ते कुलूप सुटायची वाट बघतोय."

"म्हंजे पंपघरात जाळ झालाय, कपाटाची किल्ली बेशुद्ध वॉचमनच्या खिशात, आन् तू वही पायजे म्हनून त्येला हाका मारत हुबा? मेन पाड की आधी!"

पोरगा कामाला बसला. खुद्द कर्नलचा नोंदी राखणारा भाग अशा वेळी कुलूप एकदाच ओढून बघतो. उघडलं तर लिहितो, नाहीतर पुढं जातो. त्यानंही तेच केलं. ऐनवेळी मेमरी मागायला गेलं तर तिथंही कुलूप असतं, म्हणून ती सुरुवातीलाच राखून ठेवली. मेसेजची ओळ मात्र त्याच्यानं पुसवेना. आपली हुशारी दिसते ती तिथंच! पण नेटवर्कच्या वाटेवर कुलपंच कुलपं. शेवटी मेसेज पुन्हा सुरू झाल्यावरच्या कामांत ढकलला.

पुढच्या वेळी बोर्ड कोसळला आणि आपोआप उठला. सकाळी पोरगा तोंड पाडून आला. "नोंद गेली, काका. कुलूप मिळालं नाही. का कोसळला ते कळलंच नाही."

"पानी कुठवर गेलं?"

"शेवटच्या सरीपर्यंत."

"मग आता दिवसा बसून हुडीक की."