दिवाणियेच्या दाराशी

कुवेतमध्ये ऐपत असलेल्या घराला दिवाणिया असतेच. लांबरुंद खोली, तिचं दार बाहेरच्या बाजूला, भिंतीला लागून बैठक, कोपऱ्यात चहा-कॉफीची सोय. आपल्या दिवाणखान्यातला जो ‘दिवाण’, तोच या शब्दातही आहे. संध्याकाळ झाली की पुरुष जमतात. सोयरिकी ठरतात, भांडणं मिटतात, धंद्याची बोलणी होतात. निवडणूक लागली की उमेदवार एकाच रात्री अनेक दिवाणियांत हजेरी लावत असे. राजकीय पक्षांना तिथे कायदेशीर मान्यता नाही; आपल्याकडे पक्षाची शाखा जे काम करते ते तिथे ही खोली करते. 1986 साली संसद बरखास्त झाली, तेव्हा ती पुन्हा सुरू करा ही मागणीसुद्धा 1989च्या अखेरीस सोमवारी भरणाऱ्या दिवाणियांतूनच उठली.

या खोलीत स्त्रिया नसत. आपल्या जुन्या वाड्यात ओसरी पुरुषांची आणि माजघर बायकांचं, तशीच ही विभागणी. कुवेती स्त्रीच्या मताधिकाराची गोष्ट बहुतेक जण 16 मे 2005 या तारखेपासून सांगतात. त्या तारखेचं मोल मी कमी मानत नाही. पण त्याआधीची चाळीस वर्षं आणि नंतरची एकोणीस वर्षं शेजारी ठेवून पाहिली, की पुन्हा पुन्हा मी या खोलीच्या दाराशी येऊन थांबते.

तेल सापडण्यापूर्वीचं कुवेत मोत्यांवर आणि गलबतांवर जगत होतं. उन्हाळ्याचे चार महिने पुरुष मोती काढायला समुद्रात, पुढे व्यापाराची गलबतं मलबारला, मुंबईला. मुंबईत कुवेती व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या, आणि 1961पर्यंत कुवेतच्या बाजारात रुपया चालत होता. पुरुष महिनोन्‌महिने बाहेर, म्हणजे घर, देणी-घेणी, मुलांची दुखणी-खुपणी सगळं बायकांच्या अंगावर. कारभार करणं त्यांना नवं नव्हतं. तो चारचौघांत करणं नवं होतं.

1962च्या निवडणूक कायद्याने मताचा हक्क फक्त पुरुषांना दिला. त्याच वर्षीच्या राज्यघटनेत मात्र सर्व माणसं समान असल्याचं कलम होतं. या विसंगतीवर बोट ठेवणाऱ्या स्त्रिया लगेचच पुढे आल्या. 1963मध्ये स्त्रियांच्या दोन संघटना उभ्या राहिल्या. त्यांतल्या एकीच्या नेत्या नूरिया अल-सद्दानी यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला समान हक्कांची मागणी थेट संसदेपुढे नेली. चर्चा झाली, पदरी काही पडलं नाही. दरम्यान मुली शिकत होत्या. 1966मध्ये कुवेत विद्यापीठ सुरू झालं आणि यथावकाश तिथे मुलींची संख्या मुलांहून जास्त झाली. 1993मध्ये त्या विद्यापीठाच्या प्रमुखपदी फायझा अल-खराफी आल्या. ज्या देशात विद्यापीठ चालवणाऱ्या बाईला संसदेसाठी मत टाकता येत नाही, तिथे ‘बायकांना समज नाही’ हे कारण कुणाला पटवणार?

त्याआधी 2 ऑगस्ट 1990 उजाडला होता. इराकी फौजा शहरात शिरल्या. सात महिन्यांच्या त्या ताब्यात अबाया हा स्त्रियांचा अंगभर झगा फार कामाचा ठरला. त्याखालून पैसे, औषधं, कागदपत्रं, शस्त्रं नाक्यांपलीकडे गेली. अस्रार अल-कबंदी ही तरुणी प्रतिकारात उतरली, पकडली गेली आणि जानेवारी 1991मध्ये तिला ठार मारण्यात आलं. माघार घेताना इराकी सैन्याने तेलविहिरी पेटवल्या. त्या विझवणाऱ्या कुवेती पथकात सारा अकबर ही पेट्रोलियम अभियंता होती. देश परत मिळाला तेव्हा अनेक स्त्रियांना वाटलं, आता मागायचं काय उरलं? 1992मध्ये निवडणूक झाली. मतदान पुरुषांनीच केलं. ही वर्षं वाचताना मला अजूनही राग येतो. जीव द्यायला चालते ती मत द्यायला का चालू नये?

पुढची गोष्ट लोकशाहीवर श्रद्धा असलेल्यांना अवघड जाईल, मलाही गेली. मे 1999मध्ये संसद बरखास्त असताना अमीर शेख जाबेर यांनी वटहुकूम काढून स्त्रियांना मत देण्याचा आणि उभं राहण्याचा हक्क दिला. निवडून आलेल्या नव्या संसदेने नोव्हेंबरात तो फेटाळला. मग तोच आशय असलेलं विधेयक आलं, ते 32 विरुद्ध 30 मतांनी पडलं. म्हणजे राजा देत होता आणि लोकप्रतिनिधी अडवत होते. पण याचं मूळही राजवाड्यातच सापडतं. 1960 आणि 70च्या दशकांत शहरातल्या अरब राष्ट्रवाद्यांना आणि उदारमतवाद्यांना शह म्हणून राज्यकर्त्यांनी वाळवंटातल्या टोळ्यांना मोठ्या संख्येने नागरिकत्व दिलं. ती मतपेढी पुढे स्वतःच्या मताने चालू लागली आणि धार्मिक गटांशी तिची हातमिळवणी झाली. त्यातच टोळीचा उमेदवार आधी आपसात ठरवण्याची रीत. 1998मध्ये कायद्याने त्यावर बंदी आली, तरी ती सुटली नाही. ही निवड जिथे होई तिथे बाईला जागाच नव्हती.

2000 साली स्त्रिया मतदार नोंदणी कार्यालयांत गेल्या, परत पाठवल्या गेल्या, कोर्टात गेल्या, तांत्रिक कारणांवर हरल्या. 2005च्या मार्चमध्ये निळ्या रंगाच्या कपड्यांत त्या संसदेबाहेर उभ्या राहिल्या. 16 मे रोजी दिवसभराच्या बैठकीनंतर कायदा 35 विरुद्ध 23 मतांनी संमत झाला. कुवेतमध्ये मंत्र्यांनाही संसदेत मत असे, आणि त्या 35मध्ये मंत्र्यांची मतं होती हे विसरता येत नाही. स्त्री मतदार आणि उमेदवारांनी शरियतचे नियम पाळावेत अशी एक ओळ विरोधकांच्या समाधानासाठी जोडली गेली. महिनाभरात मासूमा अल-मुबारक या राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका पहिल्या स्त्री मंत्री झाल्या. त्या शपथ घेत असताना काही सदस्यांनी आरडाओरडा केला; मासूमांनी शपथ पूर्ण केली.

एप्रिल 2006मध्ये नगर परिषदेच्या एका जागेची पोटनिवडणूक झाली, स्त्रियांचं पहिलं मतदान. दोन स्त्रिया उभ्या होत्या. त्यांतल्या जिनान बूशहरी, पेशाने रसायनतज्ज्ञ, दुसऱ्या क्रमांकावर आल्या. जूनच्या संसदीय निवडणुकीत मतदारांत सुमारे 57 टक्के स्त्रिया होत्या, कारण पोलीस आणि लष्करातल्या पुरुषांना मताचा हक्क नव्हता. एकही स्त्री निवडून आली नाही. 2008मध्येही नाही. ‘बायकाच बायकांना मत देत नाहीत’ हे वाक्य तेव्हा फार ऐकू आलं. मला ते आळशी वाटतं. मत देणारीचे वडील, भाऊ, नवरा रोज रात्री कुठल्या ना कुठल्या दिवाणियेत शब्द देऊन येत होते, आणि तो शब्द घरी येत होता. ज्या धार्मिक संघटना मताधिकाराला विरोध करत होत्या, त्यांच्या महिला शाखांकडेच घरोघर फिरण्याचा अनुभव होता. कायदा होताच त्यांनी तो आपल्या पुरुष उमेदवारांसाठी वापरला. स्त्री उमेदवारापाशी ना टोळी, ना शाखा, ना ती खोली.

16 मे 2009ला, कायद्याला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, चार स्त्रिया निवडून आल्या: मासूमा अल-मुबारक, असील अल-अवधी, रोला दश्ती, सलवा अल-जस्सार. चौघींकडे डॉक्टरेट. यात मतदानाच्या पद्धतीचाही वाटा होता असं मला वाटतं. तेव्हा मतदारसंघ मोठे झाले होते आणि एका मतदाराला चार मतं होती. तीन मतं शब्द दिलेल्यांना, उरलेलं एक स्वतःच्या मनाला. 2012च्या अखेरीस वटहुकमाने एका माणसाला एकच मत उरलं. त्या डिसेंबरात विरोधकांच्या बहिष्कारामुळे तिघी आल्या, त्यांत टोळ्यांचं प्राबल्य असलेल्या चौथ्या मतदारसंघातल्या ज़िक्रा अल-रशीदीही होत्या. पुढे 2016मध्ये एक, 2020मध्ये एकही नाही. ज्याच्याकडे एकच मत आहे तो ते घरच्यांच्या शब्दाबाहेर सहसा टाकत नाही.

आपल्याकडे 1993मध्ये लागू झालेल्या घटनादुरुस्तीने पंचायतीत एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या, महाराष्ट्राने 2011मध्ये त्या निम्म्या केल्या. सरपंचबाईंच्या खुर्चीत नवरा बसल्याचं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलं. पण कित्येक गावांत त्याच बाई पुढे स्वतः बसू लागल्या, हेही पाहिलं. कुवेतने राखीव जागांची वाट कधी धरली नाही, आणि ही चूक होती असं मला वाटतं.

निवडणुकीबाहेर मात्र काही दारं कायमची उघडली. 2009च्या ऑक्टोबरात घटना न्यायालयाने पासपोर्टसाठी नवऱ्याच्या संमतीची अट रद्द केली. त्याच महिन्यात दश्ती आणि अवधी यांनी हिजाब घेतला नाही म्हणून त्यांची निवड रद्द करा, ही मागणी फेटाळली. शरियतच्या त्या मोघम ओळीतून नेमका पोशाख काढता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. 2020मध्ये आठ स्त्रिया न्यायाधीश झाल्या. परदेशी नवरा असलेल्या कुवेती आईच्या मुलांना मात्र अजूनही कुवेती बापाच्या मुलांसारखं नागरिकत्व मिळत नाही.

जिनान बूशहरी यांनी 2006चा पराभव झाल्यावर राजकारण सोडलं नाही. पुढे त्या मंत्री झाल्या, 2019मध्ये संसदेतल्या उलटतपासणीनंतर राजीनामा दिला, आणि 2022मध्ये निवडून आल्या. 2023मध्ये आणि एप्रिल 2024मध्ये पन्नास निवडून आलेल्यांत स्त्री एकच, बूशहरी. पहिल्या लढतीपासून अठरा वर्षं. 10 मे 2024 रोजी अमीर शेख मिशाल यांनी संसद बरखास्त केली आणि घटनेतली काही कलमं चार वर्षांपर्यंत स्थगित केली.

निवडणुकीच्या दिवशी कुवेतमध्ये स्त्रियांची मतदान केंद्रं वेगळी असत, बहुधा शाळांमध्ये. त्या रांगेत उभी राहणारी बाई आपलं मत आत एकटीने देत होती. ती रांग आता नाही. दिवाणिया संध्याकाळी पूर्वीसारख्याच भरतात. गेल्या काही वर्षांत काही स्त्रियांनी आपल्या घरी पुरुष आणि स्त्रिया दोघांना बोलावणाऱ्या दिवाणिया सुरू केल्या आहेत. थोड्या आहेत. मी त्यांच्याकडे डोळे लावून बसले आहे.