एकवीस पत्री आणि सात ठिपके

गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी बाजारात पत्रीची बांधलेली जुडी मिळते. त्यात आघाडा कुठला आणि माका कुठला, हे विकणारी बाई सांगू शकते, विचारतो कोण? दसऱ्याला आपट्याच्या नावाने कांचनाची पाने सर्रास खपतात. आपट्याचे पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंद, कांचनाचे मोठे. तरी सोने लुटले जाते.

न ओळखता वाहिलेल्या पानाने पूजा होते का? भाव असला की पुरे, हे ठरलेले उत्तर. पण ज्याच्याकडे धड पाहिलेही नाही, त्या पानाविषयी भाव यावा कुठून?

पाहायला लावण्याचे काम आता फोन करू लागला आहे. ‘सीक’ या ॲपचा कॅमेरा झुडपावर धरला की वर सात ठिपके दिसतात. कुळ, प्रजाती, जाती असा माग लागत जातो तसे ते भरतात. ओळख पटेना, तर पान, खोड, फूल असे जवळून, वेगवेगळ्या बाजूंनी दाखवावे लागते. नव्या नोंदींबरोबर बिल्ले मिळतात. मुले त्यासाठीच धावतात, आणि त्यात वावगे काही नाही. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी केंब्रिजच्या संशोधकांनी ब्रिटिश मुलांची परीक्षा घेतली, तेव्हा आठ वर्षांच्या मुलांना पोकेमॉन जास्त आणि भोवतालचे प्राणी-वनस्पती कमी ओळखता आले. स्मरणशक्ती शाबूत होती. ती खेळाच्या मागे गेली होती.

बिल्ल्यासाठी झाड पाहणे ही कसली भक्ती, असा आक्षेप येईल. मग हरितालिकेची पत्री गोळा करत कुंपणे धुंडाळणाऱ्या मुली काय निष्काम होत्या? त्यांना चांगला नवरा हवा होता. शिवाय सृष्टीच लीला मानणाऱ्या परंपरेने खेळाला कमी लेखावे, हे जरा गमतीचेच.

फोनचे खरे उणेपण दुसरीकडे आहे. माक्याचे पान चुरगाळले की बोटे काळी पडतात, मरव्याचा वास हाताला राहतो. कॅमेऱ्याला यातले काहीच कळत नाही. उलट तो पान तोडायला लावत नाही, ही त्याची अहिंसा पूजेला जमलेली नाही.

मानपानही उलटेच. ‘सीक’ ज्या ‘आयनॅचरलिस्ट’ संकेतस्थळावरच्या निसर्गनोंदींवर शिकले, तिथे लावलेली, जोपासलेली झाडे संशोधनाच्या दर्जाची धरत नाहीत. तिथे वृंदावनातल्या तुळशीला खालचा वर्ग मिळतो आणि गटारकडेला आपसूक उगवलेल्या आघाड्याला वरचा.