रस्त्याकाठचा दगड कोणाचा?

वाटेने जाता जाता रस्त्याच्या कडेला एखादा कोरीव दगड दिसला म्हणजे आम्ही क्षणभर थांबतो, अक्षरे वाचतो आणि पुढे चालू लागतो. त्या घडीला एक गोष्ट आमच्या ध्यानातच येत नाही. तिथे काय कोरावे हे कोणीतरी एकदा ठरवलेले असते, आणि काय कोरू नये हेही त्याच वेळी ठरून गेलेले असते. स्मारक उभारणे ही केवळ कृतज्ञतेची बाब नसून न्यायदानाचीही आहे, हे आमच्या मनात येतच नाही.

आपले जुने वीरगळ या बाबतीत अधिक प्रामाणिक म्हटले पाहिजेत. खाली झुंज, मध्ये अप्सरांसह स्वर्गारोहण, वर शिवपूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बहुतेकांवर नावच नाही. कोण कोणाशी लढला, न्याय कोणाच्या बाजूला होता, याचा निवाडा तो दगड करीत नाही; एक माणूस येथे पडला, एवढेच सांगतो. आजच्या स्मारकाला मात्र निवाडा केल्यावाचून राहवत नाही.

गोव्यातील साष्टी प्रांतातल्या कुंकळ्ळीचे उदाहरण घ्या. १५८३ च्या जुलै महिन्यात तेथे पाच जेझुइट पाद्री मारले गेले. त्याआधी पोर्तुगीज सैन्याने या भागातील देवळे पाडली होती, आणि त्या मोहिमांत या पाचांपैकी काही जण सामील होते. प्रमुख रुदोल्फ आक्वाविवा यांची गोष्ट मात्र वेगळी. १५८० पासून ते अकबराच्या दरबारी होते, आणि गोव्यास परतून त्यांना फार दिवस झाले नव्हते. पुढे गावच्या सोळा नायकांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले आणि चौकशीवाचून ठार करण्यात आले. साळ नदीत उडी टाकून एकच जण निसटला. गावकऱ्यांच्या जमिनी जप्त झाल्या. १८९३ साली पोप तेरावे लिओ यांनी त्या पाच पाद्र्यांना ‘धन्य’ पदवी दिली. नायकांच्या वाट्याला मात्र शतकानुशतके एक दगडही आला नाही. आज कुंकळ्ळीत त्यांचे स्मारक उभे आहे, आणि ते उभे राहिले याचा आम्हांस मनापासून आनंद आहे. विश्वासाने बोलावून मारलेल्या माणसाचे ऋण काळाने फिटत नाही.

येथवर हिशेब सरळ दिसतो. तथापि एक बाब राहून जाते. त्या दिवशी पाच पाद्र्यांबरोबर एक पोर्तुगीज गृहस्थ आणि चौदा देशी ख्रिस्ती माणसे मारली गेली. ‘धन्य’ ठरले ते पाचच. चौदाजण पाद्र्यांच्या मालिकेत बसले नाहीत आणि नायकांच्या स्मारकावर तर त्यांना जागा असणेच शक्य नाही. त्यांत दोमिंगो नावाचा एक मुलगा होता, खुद्द कुंकळ्ळीचा, राशोलला शिकणारा. पाद्र्यांबरोबर येऊन त्याने गावातली देवळे कोणती ते दाखवून दिले होते, आणि त्याचा जीव त्याच्या सख्ख्या चुलत्यानेच घेतला, असे ख्रिस्ती वृत्तांत सांगतात. दुसऱ्या पक्षाचा वृत्तांत आपल्याजवळ नाही, कारण ज्यांनी तो सांगावयाचा ते किल्ल्यात गेले आणि परत आले नाहीत.

या मुलाचे काय करावे? त्याला फितूर म्हणावे तर ज्याने त्याला शिकवले त्याचा दोष त्या पोराच्या माथी मारल्यासारखे होते. हुतात्मा म्हणावे तर ज्या देवळात त्याच्या आजीने दिवा लावला असेल त्या देवळाचे काय? आणि चुलत्याच्या मनात त्या क्षणी नुसता द्वेषच होता, असे आम्ही कोणत्या अधिकाराने म्हणावे? घरच्याच मुलावर हात उचलणाऱ्याची व्यथा कोणत्याही बाजूच्या दगडावर मावत नाही. दगडावर नाव कोरले की ते एका पंगतीत बसते. ज्यांना कोणतीच पंगत नाही त्यांच्यासाठी आपल्याजवळ शब्दच नाहीत, ही खरी अडचण आहे.

कुंकळ्ळीची देवी शांतादुर्गा त्या काळी फातर्प्यास नेण्यात आली, ती आजही तेथेच आहे. दरवर्षी फाल्गुनात तिची पालखी आपल्या मूळ गावी येते. पुढे बारा वांगडांच्या बारा छत्र्या नाचत चालतात, गुलाल उधळला जातो, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिंदूंबरोबर ख्रिस्ती गावकरही उभे असतात. या वाटेवर कोणी काही कोरलेले नाही. दोमिंगोचे वांगड कोणते होते, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. परंतु तो गावकराचा मुलगा असेल तर त्या बारांपैकी एक छत्री त्याच्याही घरची आहे, आणि त्याच्या चुलत्याचीही तीच.