बाण सुटल्यानंतर

नेम चुकला म्हणजे माणूस चुकला का? प्रश्न साधा वाटतो. पण आपण एकमेकांची पारख ज्या घाईने करतो ती पाहता त्यावर थोडे थांबायला हवे.

आटपाडीकडच्या शेतकऱ्याला नेम काय असतो ते सांगायला नको. शाळू हुरड्यात आला की माळ्यावर उभे राहून पाखरांवर गोफण फिरवणारी माणसे या माणदेशात पिढ्यान्‌पिढ्या झाली. पवित्र शास्त्रातही गोफणवाले आहेत. शास्ते या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात बन्यामीन वंशातले ७०० डावखुरे वीर भेटतात. केसाएवढ्या लक्ष्यावरही त्यांचा धोंडा चुकत नसे. तिथे ‘चुकणे’ यासाठी जे हिब्रू क्रियापद आहे, तेच इतरत्र ‘पाप करणे’ या अर्थाने येते. म्हणून ‘पाप म्हणजे नेम चुकणे’ असे प्रवचनात आपण ऐकतो. तिरंदाज मात्र तेवढ्यावर थांबणार नाही.

बांबूच्या साध्या धनुष्याला नेम धरायचे यंत्र नसते. शरीर हेच मोजमाप. दोरी ओढणारा हात दर वेळी ओठाच्या कोपऱ्याशी किंवा गालावर, त्याच जागी टेकायला हवा. तो बोटभर मागेपुढे झाला तरी दोरी कमीजास्त ताणली जाते आणि बाण वर किंवा खाली जातो. पावले, श्वास, पाठीचा ताण, बोटे सैल सोडणे, सारे तेच हवे. बाण सुटल्यावरही धनुष्याचा हात क्षणभर तसाच राहायला हवा. कुठे लागला ते पाहण्याची घाई झाली की हात आधीच हलतो.

शिवाय जाणता तिरंदाज एका बाणावरून स्वतःला बदलत नाही. तो पाच-सहा बाण मारतो आणि त्यांचा झुपका पाहतो. बाण विखुरले असतील तर हात अजून बसलेला नाही. सगळे एकाच जागी, पण मध्यापासून दूर असतील, तर हात बसला आहे. नेम तेवढा सरकवायचा. धनुष्याच्या बाबतीत हा दुसरा दोष सोपा. माणसाच्या बाबतीत तोच अवघड, असे आम्हाला वाटते. दर बाजाराला काटा मारणारा व्यापारीही सातत्य राखतोच. त्याचे बाण एकाच जागी पडतात, म्हणून ती जागाच त्याला बरोबर वाटू लागते.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातला, फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आईवडिलांचा मुलगा. टोकियो ऑलिंपिकमध्ये २८ जुलै २०२१ रोजी त्याने बलाढ्य रशियन तिरंदाज गाल्सान बाझारझापोव्ह याला ६-० असे हरवले. त्याच दिवशी पुढच्या फेरीत अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनकडून तो ०-६ असा हरला. आधीचा प्रवीण चांगला आणि नंतरचा वाईट, असे कोणी म्हणेल का? आपल्या घरातल्या मुलाच्या निकालपत्रावर मात्र आपण तेच म्हणतो.

रोमन विचारवंत सिसेरोने स्तोइकांचे मत मांडताना तिरंदाजाचाच दाखला दिला आहे. नेमासाठी आपल्या हाती असेल ते सर्व करणे हे तिरंदाजाचे खरे ध्येय. बाण प्रत्यक्ष लागणे ही वेगळी गोष्ट. वारा काही त्याच्या हाती नाही. हे आम्हाला निम्मेच पटते. शेजारच्या घरी धान्य पोचलेच नाही, तर आपला हेतू शुद्ध होता याने तिथल्या लेकरांचे पोट भरत नाही. बाण कुठे पडला ते पाहायलाच हवे, फक्त हात स्थिरावल्यावर.

तिरंदाजांना एक भीतीही जडते. मध्यबिंदू दिसताच हात गोठतो, किंवा बोटे अवेळी सुटतात. त्यावर उपाय मोठा मजेशीर आहे. लक्ष्याचा कागदच काढून टाकतात आणि चार-पाच पावलांवरून, कधी डोळे मिटून, कोऱ्या गादीवर बाण मारायला लावतात. तिथे गुण नाहीत, टाळ्या नाहीत, चुकणेही नाही. आठवडेच्या आठवडे असेच चालते. मग एके दिवशी कागद परत लावला जातो, तोही आधी जवळच.