जळवेचा उपयोग

आमच्या हायस्कूलला जोडून प्राथमिक वर्ग आहेत. गेल्या वर्षी नवरात्र सरल्यावर चौथीच्या मुलांना परिसर अध्ययनासाठी खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या रानात नेले होते. धडा होता वनांच्या उपयोगाचा. बाईंनी प्रत्येकाच्या वहीत दोन रकाने आखून घेतले होते. डावीकडे दिसेल ती वस्तू, उजवीकडे तिचा उपयोग. हिरडा, औषध. जांभूळ, फळ. किंदळ, लाकूड. मलप्रभेचा उगम, पाणी. रकाने भराभर भरत होते आणि बाई समाधानात होत्या. मीही होतो, कारण असेच रकाने मी तीस वर्षे भरून घेत आलो आहे.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. पाचोळा ओला होता आणि व्हायचे तेच झाले. एका मुलीच्या पोटरीला जळू चिकटली. आरडाओरडा झाला. आमचा बसचालक कन्नड भाषिक, तो 'जिगणे, जिगणे' म्हणून ओरडला, मुले 'जळू, जळू' म्हणून. जळू मात्र भाषा विचारून चिकटत नाही. बाईंनी डब्यातले मीठ काढून तिच्यावर टाकले. ती गळून पडली, पाचोळ्यावर पिळवटली आणि निपचित झाली.

मुलगी रडायची थांबली होती. ती वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "सर, मेली काय ओ ती?" मग वही उघडून, "हिचा उपयोग काय लिहू?"

मुख्याध्यापकाला उत्तर देता आले नाही असे दिसून चालत नाही. मी सांगितले, आयुर्वेदात जळवा लावून दूषित रक्त काढतात, सुश्रुतसंहितेत जळवांच्या बारा जाती सांगितल्या आहेत. तिच्या लाळेतल्या द्रव्यामुळे रक्त गोठत नाही, त्यापासून आजच्या डॉक्टरांनाही औषध मिळाले. मुलीने विचारले, "तीच काय ही?" आता आली पंचाईत. औषधाची जळू डबक्या-तळ्यातली, ही रानातल्या पाचोळ्यातली. मी दुसरा मार्ग धरला. हिला बेडूक खातात, पक्षी खातात. "आणि बेडूक कशाला?" बेडकाला साप, सापाला गरुड, असे करत मी ती साखळी ओढत ओढत पाऊसपाण्यापर्यंत आणि शेवटी माणसापर्यंत आणली. साखळी माणसापाशी आली की आपण थांबतो. माणूस कशाला, असे त्या पोरीने विचारले नाही. पण तिचा पुढचा प्रश्न त्याहून अवघड होता : "उपयोग नसता तर मारली तर चाललं असतं काय?"

वाट दाखवायला गावातले एक म्हातारे गृहस्थ सोबत होते. ते एवढेच म्हणाले, "मास्तर, मीठ कशाला? बाजूनं नख सरकवलं की सोडती ती."

पुढे ते आम्हांला राईत घेऊन गेले. देवाची राई, तिथले पानसुद्धा तोडायचे नाही. एक भलामोठा वठलेला वृक्ष उभा होता, आतून पोकळ. लाकडाचा व्यापारी त्याला दमडी देणार नाही. पण धनेश पक्ष्याला घरट्यासाठी असलीच ढोली लागते. मादी आत बसून दार लिंपून घेते, फट तेवढी ठेवते आणि नर तिला बाहेरून भरवतो. मी लगेच मुलांना म्हणालो, बघा, वठलेल्या झाडाचाही उपयोग! म्हाताऱ्यांना मी विचारले, हे झाड कधी तोडले कसे नाही? ते म्हणाले, "देवाचं हाय." त्यांचा रकाना एकच होता.

मी एम. ए. ला तत्त्वज्ञान शिकलो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःच साध्य आहे, असे कांटने 1785 मध्ये लिहिले. पण त्याने ती रेघ माणसापाशीच ओढली. जनावरांशी क्रूर होऊ नये ते का, तर त्याने माणूस माणसांशीही क्रूर होतो म्हणून. म्हणजे तिथेही उजवा रकाना आहेच. म्हाताऱ्यांची रेघ राईच्या बांधापर्यंत जाते. पण बांधाबाहेर कोयता चालतो, हेही मी पाहिले आहे. आणि माझ्या घराची दारे सागवानी आहेत, तेव्हा मी कुणाला काय सांगावे!

रानाला स्वतःचे मोल आहे, असे म्हणणे शहरात बसून सोपे असते. याच तालुक्यात 2011 साली भीमगड अभयारण्य जाहीर झाले. तिथल्या बारापेडे गुहांत एक दुर्मीळ वटवाघूळ राहते. 1913 मध्ये शास्त्राला त्याची ओळख झाली आणि पुढे बराच काळ ते जगात इथेच आहे असे समजत. नंतर मेघालयात आणि कंबोडियातही सापडले. त्या वटवाघळासाठी गुहा राखली हे मला योग्यच वाटते. पण त्या रानातल्या वाड्यांवरून पावसाळ्यात आजारी माणूस खांद्यावरून डोलीत आणावा लागतो. वटवाघळाचा उपयोग न विचारणारे आपण त्या माणसाला मात्र 'तू इथे कशाला' असे विचारतो.

हे लिहिताना मला एक मुलगा आठवतो, आणि तो आठवू नये म्हणूनच बहुधा मी कांटपर्यंत जाऊन आलो. नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट. गवळी धनगराचा पोर, रानातून चालत शाळेत यायचा. गणितात शून्य. पाखराचा आवाज ऐकून पाखरू सांगायचा, पण त्याला परीक्षेत गुण नव्हते. एकदा त्याचा बाप शाळेत आला तेव्हा मी मुलाच्या देखत सांगितले, "याला शिकवून काही उपयोग नाही." बापाने मान हलवली. मास्तर सांगतात म्हणजे खरेच असणार. पुढल्या आठवड्यापासून पोर आला नाही. मी हजेरीपटावरून नाव कमी केले. सरळ रेघ मारली, पट्टी लावून.

त्या मुलीला मी राईत काय उत्तर दिले? काहीच नाही. बस लागली आहे, चला, म्हणालो. नंतर वह्या तपासायला आल्या. तिच्या वहीत डावीकडे 'जळू' लिहिले होते आणि उजवीकडची जागा कोरी होती. बाईंनी तिथे तांबड्या शाईने प्रश्नचिन्ह केले होते.

यंदाची सहल दिवाळीच्या सुट्टीनंतर जायची आहे. सामानाची यादी माझ्या टेबलावर सहीसाठी आली आहे. औषधाची पेटी, दोर, पाण्याचे कॅन, आणि सातव्या ओळीत मीठ. पालकांना उत्तर मला द्यायचे असते. चौथीच्या सगळ्याच मुलांची नखे काही तेवढी वाढलेली नसतात. शनिवारी आम्हीच ती तपासून कापायला लावतो. यादी दोन दिवस तशीच पडून आहे.